गाडी घसरली नव्हती

कामावर माणूस जखमी झाला, तर तुमच्या कंपनीत आधी काय आणायला धावतात, स्ट्रेचर की त्या माणसाची दुचाकी?

प्रश्न विचित्र वाटला असेल तर तुम्ही वाळूजच्या कारखान्यांत कधी कंत्राटी काम केलेलं नाही. ज्यांनी केलंय, ते उत्तर देण्याआधी मागं वळून बघतील. माझ्या वेळी आधी स्कूटी आणली. पार्किंगमधून काढली, गेटबाहेर नेली, रस्त्याकडेच्या खडीवर आडवी पाडली आणि हँडलला धरून थोडी फरफटवली. याला आमच्याकडं 'गाडी घासणं' म्हणतात. त्या वेळी मी आत, डिस्पॅचच्या शेडमध्ये होते. माझा डावा पाय लोखंडाखाली होता. पाय निघायचा बाकी होता आणि गाडी घासून तयार होती.

मी हे सहानुभूतीसाठी लिहीत नाही. सहानुभूती पुष्कळ मिळाली, सफरचंदांसकट. लिहितेय ते एका वाक्यामुळं. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टर मॅडम मला म्हणाल्या की तुझ्या पायातला जो भाग मेला तो सगळा लोखंडानं मेला नाही, बराचसा उशिरानं मेला. तो उशीर माणसांनी केला. ठरवून केला, एकमेकांना चहा पाजत केला.

हिरवा फलक

आमच्या गेटवर एक हिरवा फलक आहे. वर 'अपघाताविना दिवस' असं लिहिलेलं आणि खाली आकडा. वॉचमन रोज सकाळी आकड्याच्या पाट्या बदलतो. आकडा गोल झाला की कँटीनमध्ये गुलाबजाम होतात, सगळ्यांना स्टीलचा डबा मिळतो आणि मोठे साहेब येऊन सुरक्षेवर बोलतात. आत अपघात झाला तर आकडा शून्यावर येतो. बाहेर रस्त्यावर झाला तर चालत राहतो. म्हणून माणूस आत पडतो आणि अपघात उचलून बाहेर नेतात.

हे फक्त साहेब लोक करत असते तर मला राग आला असता, एवढी किळस आली नसती. हे आमचीच माणसं करतात. माझी गाडी घासणारी दोन पोरं माझ्याच लाइनवरची, रोज माझ्या डब्यातलं लोणचं खाणारी. त्यांच्या मनात माझ्याबद्दल काहीही वाईट नव्हतं. त्यांच्या मनात स्टीलचा डबा होता. आकडा गोल व्हायला थोडेच दिवस उरले होते. घाईत त्यांनी गाडीची उजवी बाजू घासली. माझा पाय डावा. पण तपासायला कुणी येणार नाही हे सगळ्यांनाच ठाऊक होतं, त्यामुळं खोटंसुद्धा नीट करायची कुणाला गरज वाटली नाही.

पॅलेट

लाकडी फळ्यांच्या बैठकीवर ओतीव लोखंडाच्या मालाच्या पेट्या रचतात, त्याला पॅलेट म्हणतात. ते जॅकच्या हातगाडीनं ओढत न्यायचं. आमच्या हातगाडीचं एक चाक बरेच दिवस अडत होतं. सांगून झालं होतं. त्या दिवशी वळणावर चाक अडलं, फळी मोडली आणि पेट्यांची अख्खी थप्पी माझ्या अंगावर कलली. मी मागं सरकले, पण डावा पाय गुडघ्याखाली सापडला. एका बाजूला रॅकचा खांब, दुसऱ्या बाजूला पॅलेट, मध्ये माझी पोटरी.

रुख्साना माझ्या शेजारी लेबलं लावते. ती जमिनीवर बसली आणि माझं डोकं तिनं मांडीवर घेतलं. "अगे बोलती रह मेरे से," ती म्हणत होती. "कुछ भी बोल. गाली दे. आँख नक्को मूंद."

शेळके सर आले. आमचे सुपरवायझर. त्यांनी पहिल्यांदा वरच्या कॅमेऱ्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. म्हणाले, "फोर्कलिफ्टवाला कुठंय? अन् हिची गाडी कोणती, निळी का?"

रुख्साना म्हणाली, "सर, गाडी का क्या करते? ॲम्ब्युलन्स बुलाओ ना."

"तू लेबल लाव जाय. तुला काय समजतंय यातलं."

"मेरेकू इत्ता समजता सर, के पाँव गाडी के नीचे नहीं है."

फोर्कलिफ्टवाला दुसऱ्या शेडमध्ये होता. तो सापडेपर्यंत आणि पेट्या एकेक करून उतरवेपर्यंत वेळ गेला. किती, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. ॲम्ब्युलन्स आलीच नाही, कारण ॲम्ब्युलन्स गेटमधून आत आली की सगळ्यांना दिसते. मला एका साहेबांच्या गाडीत मागच्या सीटवर आडवं घातलं. खाली पुठ्ठे अंथरले होते, सीट खराब होऊ नये म्हणून.

पहिला दवाखाना

बजाजनगरातल्या एका छोट्या खाजगी दवाखान्यात नेलं. माझे पप्पा तिथं आधीच पोचले होते.

हे वाक्य मी नंतर पुष्कळ वेळा मनात फिरवलं. आम्ही राहतो मुकुंदवाडीला. शहराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, सकाळच्या गर्दीतून, जुन्या मोटरसायकलवर पप्पा माझ्याआधी पोचले. म्हणजे माझा पाय अडकलेला असतानाच त्यांना फोन गेला होता. म्हणजे ॲम्ब्युलन्सला लावायचा फोन पप्पांना लावला होता.

डॉक्टरांनी विचारलं, "कसं झालं?"

शेळके सर म्हणाले, "हिला बरं वाटत नव्हतं म्हणून लवकर घरी निघाली. गेटबाहेर खडीवर स्कूटी घसरली." मला बरं वाटत नव्हतं, हेही त्यांनीच ठरवलं.

मी म्हणाले, "गाडीवरून नाही पडले. आत पॅलेट पडलं पायावर."

सर हसले. "दुखण्यानं बडबडतेय ती. मघापासून असंच चालूय."

डॉक्टरांनी पप्पांकडं पाहिलं. "वडील ना तुम्ही? गाडी घसरली का?"

पप्पांनी माझ्याकडं पाहिलं नाही. "व्हय साहेब," ते म्हणाले. "गाडी घसरली."

इथं मला पप्पांबद्दल सांगावं लागेल. आमच्या घरात भांड्यांपेक्षा पुस्तिका जास्त. पातळ, पिनांनी शिवलेल्या, जयंतीच्या स्टॉलवरून आणि सभांमधून आणलेल्या. जात कशी मोडायची, संप का करायचा, बुवाबाजी कशी ओळखायची. रविवारी पप्पा चिकलठाण्याच्या कंपनीचा युनिफॉर्म इस्त्री करायचे आणि मी त्यांना पुस्तिका मोठ्यानं वाचून दाखवायची. अडले की ते इस्त्री उभी करून थांबायचे. कुठल्याही साहेबासमोर खरं बोलताना आवाज खाली जाता कामा नये, हे त्यांनी मला मी चौथीत असताना शिकवलं. त्या दवाखान्यात त्यांचा आवाज अजिबात खाली गेला नाही. स्वच्छ, खणखणीत आवाजात ते खोटं बोलले.

एक्स-रे काढला. घोट्याच्या वर, बाहेरच्या बारीक हाडाला तडा होता. डॉक्टरांनी पावलावरची नाडी पाहिली, ती लागत होती. बोटं हलवायला सांगितली, ती थोडी हलली. "काही नाही," ते म्हणाले. "घोटा मुरगळलाय, बारीक फ्रॅक्चर आहे. प्लास्टर करू. पाय उंच ठेवा, आज जरा ठणकेल." गुडघ्याखालपासून बोटांपर्यंत पक्कं प्लास्टर केलं.

मी त्या डॉक्टरांना फारशा शिव्या देत नाही. स्कूटीवरून घसरलेल्या मुलीसाठी जे करायचं ते त्यांनी नीट केलं. फक्त ती मुलगी मी नव्हते.

दुपार

तुमच्यापैकी कुणाला हे दुखणं आलं असेल तर त्यांना सांगायला नको. ज्यांना आलेलं नाही त्यांनी लक्ष द्यावं, कारण हे ओळखता येतं.

मोडलेलं हाड ठणकतं आणि पाय न हलवता पडून राहिलं की थोडं निवतं. हे निवत नव्हतं, वाढतच होतं. पोटरीतलं मांस बाहेर यायला बघत होतं आणि प्लास्टर त्याला बाहेर येऊ देत नव्हतं. दुखण्याचं इंजेक्शन दिलं, त्याचा काही उपयोग झाला नाही. मग अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या मधल्या जागेत मुंग्या आल्या. मग ती जागा बधिर झाली. नर्सनं सहज अंगठा वर केला तेव्हा मी तिचा हात एवढ्या जोरात झटकला की तिच्या हातातला ट्रे पडला.

"लई नाजूक असतात पोरी," शेळके सर पप्पांना म्हणाले. ते दोघं खिडकीशी स्टुलांवर बसून चहा पीत होते. "आमच्या भाच्याचा पाय मोडला, पोरगं तिसऱ्या दिवशी क्रिकेट खेळत व्हतं."

"व्हय," पप्पा म्हणाले.

"पप्पा, हे बरोबर नाहीये," मी म्हणाले. "प्लास्टर काढायला सांगा."

"डॉक्टर म्हणले ना ठणकेल म्हणून. जरा दम धर, सुजा."

दम. मी कण्हत होते आणि ते दोघं या वर्षीच्या उन्हाळ्यावर बोलत होते. शेळके सर माझ्या सोबतीला बसले नव्हते, गोष्टीच्या राखणीला बसले होते. कुणी विचारलं की गाडी घसरली असं सांगायला. आणि पप्पा त्यांच्या सोबतीला बसले होते.

शिफ्ट सुटल्यावर रुख्साना आली. घरी न जाता, कंपनीच्या ॲप्रनवरच. तिनं प्लास्टरमधून बाहेर आलेल्या माझ्या बोटांना हात लावला आणि हात तसाच ठेवून पप्पांकडं वळली.

"चाचा, इसकी उंगलियाँ फूल के ऐसी चमक रई, और तुम चाय पी रै?"

"डॉक्टरनी बघितलंय," शेळके सर म्हणाले.

"तुमसे बात नईं करती मैं. चाचा से बोल रई. चाचा, तुमकू बेटी होना के इसका कायम का लेटर?"

मुलगी हवी की कायमचं लेटर. तेव्हा मला कळलं की फोनवर काय बोलणं झालं होतं. माझं काँट्रॅक्ट संपत आलं होतं. बाहेर काही बोलला नाहीत तर पोरीला कायम करून घेतो, असं शेळके सरांनी पप्पांना सांगितलं होतं. माझ्या लाइनवर सगळ्यांना हे ठाऊक होतं. मी सोडून.

पप्पांनी चहाचा ग्लास खाली ठेवला आणि रिक्षा आणायला गेले.

सरकारी दवाखाना

शेळके सर रिक्षात पुढं बसून आमच्याबरोबर सरकारी दवाखान्यातही आले. त्यांच्या चिकाटीला दाद द्यावी तेवढी थोडी.

तिथं एक तरुण डॉक्टर मॅडम होत्या. दमलेल्या, केस कसेतरी बांधलेले. त्यांनी आधी प्लास्टर कापलं. पोटरी बाहेर आली ती तुकतुकीत आणि लाकडासारखी कडक. त्यांनी अंगठा हळूच खाली वाकवला आणि मी ओरडले. त्यानंतर मला बोलता येईना. ओढणीचा बोळा दातात धरून मी पडले होते.

"काय झालं होतं?"

"स्कूटी घसरली, मॅडम," शेळके सर म्हणाले.

मॅडमनी माझे तळहात पाहिले, कोपरं पाहिली, हनुवटी पाहिली. "रस्त्यावर पडलेल्या माणसाला कुठंतरी खरचटतं. हिला एक ओरखडा नाहीये." खरंच नव्हता. खरचटणं सगळं गाडीला झालं होतं. "तुम्ही नातेवाईक का?"

"नाही, मी कंपनीतून."

"मग बाहेर थांबा."

ते थोडे घुटमळले. मॅडमनी पडदा ओढला आणि पप्पांसमोर उभ्या राहिल्या. "काका, तुमच्या कंपनीचं मला काही देणंघेणं नाही. हिचा पाय कशाखाली दबला होता का? दबला असेल तर किती वेळ? मला पोटरी उघडायची की थांबून बघायचं ते ठरवायचंय. पाय फार वेळ दबला तर किडनीवरही येतं, त्याची तयारी करावी लागते. लवकर बोला."

पप्पा गप्प. पडद्याखालून शेळके सरांचे बूट दिसत होते.

माझ्या आयुष्यात मी कुणाचा एवढा तिरस्कार केलेला नाही जेवढा त्या शांततेत पप्पांचा केला. नंतरचं काहीही तो पुसू शकलेलं नाही आणि पुसला गेलाय असं मी इथं लिहिणार नाही.

"अर्धा तास," पप्पा म्हणाले. आता त्यांचा आवाज खाली गेला होता. "लोखंडाखाली. अर्धा तास अडकली व्हती."

मला स्वतःला तो अर्धा तास माहीत नव्हता. पप्पांना माहीत होता, शेळके सरांनीच सांगितला असणार. दिवसभर, चहा पिताना, उन्हाळ्यावर बोलताना, तो त्यांच्याजवळ होता.

पोटरीत काय असतं

मॅडमनी मला नंतर कागदावर काढून दाखवलं. गुडघा आणि घोटा यांच्या मध्ये, नडगीच्या आजूबाजूला, चार कप्पे असतात. एक पुढं, एक बाहेरच्या बाजूला, दोन मागं. प्रत्येकात स्नायू, नसा, रक्तवाहिन्या दाटीवाटीनं भरलेल्या. कप्प्यांच्या भिंती चिवट असतात, त्या ताणत नाहीत. बजाजनगरातल्या एका खोलीत तीन शिफ्टची पोरं कशी राहतात, तसं. एकजण झोपेतून उठला की दुसऱ्यानं आडवं व्हायचं. आता तीच पोरं एकदम फुगायला लागली तर? भिंत मागं सरकत नाही. दार बंद होतं, आत हवा येत नाही.

पाय दबून सुटला की आतला स्नायू सुजतो. कप्प्यात जागा नाही. रक्त आत शिरेनासं होतं. खाली पावलाची नाडी लागत राहते, म्हणून सगळे निर्धास्त. आणि आत मांस गुदमरत असतं. वरून प्लास्टर म्हणजे त्या खोलीला बाहेरून कडी. उपाय एकच आहे, आणि तो जुना, साधा, भयानक आहे. भिंती कापायच्या. पोटरीच्या दोन्ही बाजूंना लांब चिरे देऊन कप्पे मोकळे करायचे आणि सूज उतरेपर्यंत तसेच उघडे ठेवायचे. त्यासाठी मोजके तास मिळतात. माझ्या तासांतले बहुतेक शेळके सरांच्या भाच्याच्या क्रिकेटवर खर्च झाले.

मागचे दोन कप्पे वाचले. बाहेरचा बराचसा वाचला. पुढचा, जो पाऊल वर उचलतो, तो थोडासाच वाचला.

वॉर्ड

वॉर्डात पहिले दिवस मी पायाकडं पाहिलं नाही. पायावर लोखंडी कमान ठेवली होती, चादर टेकू नये म्हणून. ड्रेसिंगच्या वेळी मी छताकडं बघायची. शेजारच्या खाटेवर चिकलठाण्याच्या एक आजी होत्या, खुबा मोडलेल्या. एकदा त्यांनी मान उंचावून कमानीखाली पाहिलं आणि म्हणाल्या, "आता बाई बाई, तुझा पाय तर चिरून ठेवलेल्या भेंडीवाणी दिसतोय. भरायचं काय आता त्यात?"

मी किती दिवसांनी हसले ते मला सांगता येणार नाही. हसताना पाय हलला आणि रडले.

लहान लहान गोष्टींनी दिवस निघाले. लघवीचा रंग चहासारखा होता तो हळूहळू पाण्यासारखा झाला, तेव्हा मॅडम जाता जाता हाताचा अंगठा वर करून, किडनी सुटली अशी खूण करून गेल्या. रुख्सानानं एका सुट्टीच्या दिवशी बादली आणून, माझी मान खाटेबाहेर काढून माझे केस धुतले. आजींनी त्यांच्या सुनेकडून माझ्यासाठीही ताक मागवलं. कुणीही मोठं काही बोललं नाही. जे मोठं बोलायला आले त्यांच्याबद्दल पुढं लिहिते.

रोज सकाळी मॅडम म्हणायच्या, "अंगठा वर." मी सगळा जीव अंगठ्यात लावायची. तो हलायचा नाही. माझी मांडी हलायची, जबडा हलायचा, पण अंगठा नाही. माझी भीती एवढीच होती, बाकी काही नाही. हे पाऊल पुन्हा वर येईल की जमिनीकडं लोंबत राहील.

भेटायला आलेले

मुकुंदवाडीची अर्धी गल्ली येऊन गेली. आईनं सगळ्यांना गाडीचंच सांगितलं होतं, त्यामुळं सगळे गाडीवरच बोलले. पोरींनी स्कूटी जपून चालवावी. हेल्मेट होतं का. खडी टाकून ठेवतात मेले. एका काकांनी मला क्लच कसा दाबावा ते समजावलं. स्कूटीला क्लच नसतो. मी सांगितलं, "काका, पॅलेट पडलं." ते म्हणाले, "तेच ते."

मावशी आली. तिनं चादर बाजूला केली, दोन्ही बाजूंचे चिरे पाहिले, आणि आईला बाहेर नेऊन विचारलं. बाहेर म्हणजे दाराच्या पलीकडं, मला ऐकू येईल एवढ्या अंतरावर. "डाग राहतेन का गं?"

"राहतेन म्हणते डॉक्टर."

"साडीत झाकतंय म्हणा. बघायला येतेन तवा साडीच नेसवायची. अन् बसूनच ठेवायची, चालवायची नाय."

पाऊल वर येईल का, हे तिनं विचारलं नाही. जाताना तिनं उशीखाली कुठल्याशा बाबाच्या अंगाऱ्याची पुडी ठेवली. बावीस प्रतिज्ञा पाठ असलेल्या घरातली ही बाई. पुडी मी आजींना दिली. त्यांनी वास घेऊन ती खिडकीतून टाकली आणि म्हणाल्या, "गोवऱ्याची राख हाय नुसती. भांडी घासायलाबी कामाची नाय."

पप्पा

घरी आल्यावर पाऊल ताणायचा व्यायाम होता. पायाखालून कापडाची पट्टी घालून पाऊल सरळ वर ओढायचं आणि धरून ठेवायचं. नाही केलं तर टाचेची मागची शीर आखडते आणि पाऊल कायम खालीच राहतं. हे काम पप्पांनी घेतलं. रोज सकाळी ते जमिनीवर बसायचे, माझी टाच हातात घ्यायचे आणि ओढायचे. मी त्यांच्याशी बोलत नव्हते तेव्हाही. ज्याचा तिरस्कार करतो त्याच्या हातात आपली टाच असणं, हा प्रसंग कुठल्या पुस्तिकेत मी वाचला नव्हता.

एका सकाळी ते म्हणाले, "तुझी नोकरी जाऊ नये म्हणून म्हणलो मी."

"मला माहितेय."

"माझी गेली तवा घरात काय झालं तुला आठवत नसंल. तू लहान व्हती."

"मला आठवतंय. तेव्हाही आपण पुस्तिका वाचत होतो."

ते पट्टी ओढत राहिले. मग म्हणाले, "वाचायचं सोपं असतंय, सुजा."

"नाही पप्पा. तुम्ही मला उलट सांगितलं होतं. अवघड असतंय म्हणून वाचायचं, असं सांगितलं होतं."

 त्यांनी पट्टी सोडली नाही.

सुरक्षा सप्ताह

मी कुबड्यांवर चालायला लागले तेव्हा शेळके सर घरी आले. हातात सफरचंदं आणि एक खोकं. खोक्यात स्टीलचा डबा. आकडा गोल झाला होता. "सगळ्यांना मिळाले," ते म्हणाले. "म्हणलं हिचाबी हक्क आहे."

मग त्यांनी कामाचं काढलं. कंपनीत सुरक्षा सप्ताह होता. एका अपघातग्रस्त कामगार मुलीनं दोन शब्द बोलावेत असं मोठ्या साहेबांच्या मनात होतं. विषय होता, दुचाकी चालवताना घ्यायची काळजी.

मला वाटलं मी किंचाळेन. पण हसू येत होतं. एवढा निर्लज्जपणा समोरासमोर बघायला मिळणं दुर्मीळ असतं आणि त्या माणसाच्या चेहऱ्यावर खरोखरच आपुलकी होती.

पप्पा म्हणाले, "येऊ ना. ती बोलंल. हातगाडीच्या चाकावर बोलंल."

सरांचा चेहरा उतरला. "काका, असं काय करता. डॉक्टरसमोर तुम्हीच तर म्हणले व्हते, गाडी घसरली."

"व्हय. मीच म्हणलो. तेबी सांगतो तिथं. पहिल्या दवाखान्यात काय बोललो, दुसऱ्यात काय बोललो, सगळं सांगतो. माईक द्या फक्त." पप्पांनी डबा पुन्हा खोक्यात घातला आणि खोकं सरांच्या हातात दिलं. "सफरचंदं राहू द्या. पोरीला फळं खायला सांगितलंय."

बोलावणं पुन्हा आलं नाही. काँट्रॅक्टही नाही. हातगाडीचं चाक मात्र बदललं, असं रुख्साना म्हणते. कुणाला न सांगता, एका रविवारी.

आता

अंगठा आता वर येतो. थोडा, तांदळाच्या दाण्याएवढा, पण येतो. पाऊल स्वतःहून येत नाही. बुटात प्लास्टिकची पट्टी घालते, ती पाऊल धरून ठेवते. पट्टीशिवाय चालले की पाऊल फटकन आपटतं, त्यामुळं घरात मी कुठं आहे ते सगळ्यांना कळतं. जिना चढताना मी पायाकडं बघून चढते. शहरात एका डीटीपीच्या दुकानात बसून काम करते. मॅडम म्हणतात, जेवढं आलंय त्याहून थोडं आणखी येईल, पण मेलेला स्नायू परत येत नाही. मी त्यांना विचारलं, सकाळीच कळलं असतं तर? त्यांनी माझ्याशी खोटं बोलायचं टाळलं. म्हणाल्या, "तर तू आत्ता चालत आली असतीस आणि मला कळलंही नसतं कोणता पाय."

तुमच्यातल्या कुणाला आज माझ्यासारखं पडून राहावं लागत असेल तर ऐका. प्लास्टरच्या आत दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढत असेल, बोटं बधिर होत असतील, कुणी बोट नुसतं वाकवलं तरी जीव जात असेल, तर सकाळची वाट बघू नका. नाडी लागतेय म्हणून कुणाचं ऐकू नका. प्लास्टर कापायला लावा. नाजूक म्हणाले तर म्हणू द्या.

आणि जे धडधाकट आहेत, जे उद्या कुणाला तरी उचलून दवाखान्यात नेतील, त्यांच्याकडं माझं मागणं आहे. तुम्ही शूर व्हावं अशी माझी अपेक्षा नाही, ती मी सोडून दिली. साहेबाला घाबरा, काँट्रॅक्टला घाबरा, सगळ्या गावाला गाडी घसरली म्हणून सांगा. खोटं बोलायला तुम्हाला जन्म पडलाय. पण दवाखान्यात शिरलात की त्या एका माणसाला, डॉक्टरला, बाजूला घ्या आणि आधी सांगा: काय पडलं, कुठं पडलं, किती वेळ दबून होतं. सुपरवायझर तोंड उघडायच्या आत सांगा.